कलोनियल विल्यम्सबर्ग: जुलैच्या उन्हात पाहिलेले अठराव्या शतकातले नगर

जुलै महिन्यात विल्यम्सबर्गला जाऊ नका, असा सल्ला आम्हाला बऱ्याच जणांनी दिला होता आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. व्हर्जिनियाच्या या किनारपट्टीलगतच्या भागात उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या आसपास पोहोचतो, पण त्याहून अधिक त्रास दमट हवेचा होतो. सकाळी ९ वाजताच कपडे अंगाला चिकटू लागतात आणि दुपारनंतर अनेकदा ढग गडगडू लागतात. तरीही मुलीची सुट्टी आणि बाबांचा अमेरिकेतील मुक्काम यांचा मेळ याच महिन्यात बसत असल्यामुळे मी, माझे यजमान, ९ वर्षांची मुलगी आणि ७३ वर्षांचे बाबा असे आम्ही चौघे एक संपूर्ण दिवस तेथे घालवून आलो. माणसे ज्या हवेत खरोखर राबत होती त्याच हवेत हे नगर पाहिले तर ते अधिक कळते, असे माझे मत झाले आहे. मात्र दिवसाची आखणी उन्हाचा हिशेब धरूनच केली पाहिजे.

ज्यांना या ठिकाणाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. विल्यम्सबर्ग १६९९ ते १७८० या काळात व्हर्जिनियाची राजधानी होते. थॉमस जेफर्सन गव्हर्नर असताना राजधानी रिचमंडला गेली, गावाचे महत्त्व ओसरले, आणि नवे काही फारसे उभे न राहिल्यामुळेच बरीच जुनी घरे टिकून राहिली. ब्रूटन पॅरिश चर्चचे धर्मगुरू डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांनी ती घरे वाचवण्याचा ध्यास घेतला, धनाढ्य उद्योगपती घराण्यातील जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांचे मन वळवले आणि १९२६ साली पुनर्रचनेला सुरुवात झाली. आज ऐतिहासिक विभाग ३०१ एकरांचा आहे. त्यात ८०हून अधिक इमारती मूळच्या आहेत आणि उरलेल्या जुन्या पायांचे उत्खनन करून, कागदपत्रे ताडून, पुन्हा बांधलेल्या आहेत. इंग्लंडमधील बोडलियन ग्रंथालयात १९२९ साली एक कोरीव ताम्रपट सापडला आणि त्यावर येथील प्रमुख इमारतींची चित्रे होती. त्या एका ताम्रपटाचा या कामाला फार मोठा आधार झाला. काचेच्या पेटीतील वस्तू पाहून पुढे सरकावे, असे हे संग्रहालय नाही. येथे लोहार ऐरणीवर खरोखर खिळे घडवतो, मुद्रक खिळे म्हणजे छपाईची सुटी अक्षरे जुळवतो, आणि तुम्ही जे विचाराल त्याचे उत्तर काम न थांबवता देतो.

ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट हा येथील मुख्य रस्ता सुमारे एक मैल लांबीचा आहे. एका टोकाला १६९३ साली स्थापन झालेले विल्यम अँड मेरी महाविद्यालय, तर दुसऱ्या टोकाला कॅपिटॉल म्हणजे त्या वेळच्या ब्रिटिश वसाहतीचे विधिमंडळ आहे. या रस्त्यावर कोणालाही विनामूल्य फिरता येते. इमारतींच्या आत आणि कारागिरांच्या कामशाळांत जाण्यासाठी तिकीट लागते. तिकीट स्वस्त नाही, परंतु ते न काढता केवळ रस्त्यावरून फिरून येणे म्हणजे घराच्या उंबरठ्यावरून परत फिरणे होय. तिकीटधारकांसाठी नगराभोवती बस फिरते आणि ज्येष्ठांना बरोबर नेणाऱ्यांनी ती सोय आवर्जून वापरावी. बाबा आणि यजमान बसने पुढे गेले. मी आणि मुलगी स्वागतकेंद्रापासून पादचारी पुलावरून चालत गेलो. या पुलाच्या जमिनीत पाट्या बसवल्या आहेत. त्यांवरून पुढे जाताना काळ मागे मागे सरकतो आणि त्या त्या वर्षीच्या माणसाला काय ठाऊक नव्हते, कोणता अन्याय त्याला सहज चालत होता, हे थोडक्यात वाचायला मिळते. मुलीने प्रत्येक पाटीवर थांबून अर्थ विचारला, त्यामुळे १० मिनिटांच्या वाटेला आम्हाला अर्धा तास लागला आणि तो सत्कारणी लागला.

आम्ही सर्वांत आधी विटांच्या जागी गेलो, कारण ऊन चढण्यापूर्वी मुलीला चिखलात उतरायचे होते. उन्हाळा हा येथे विटा पाडण्याचा हंगाम असतो. जमिनीतल्या उथळ खड्ड्यात माती आणि पाणी घातलेले असते आणि पाहुण्यांनी अनवाणी उतरून ती माती तुडवावी, असे आमंत्रणच असते. मुलगी पोटऱ्यांपर्यंत रुतली. वरचा थर उन्हाने कोमट झालेला होता आणि खालचा अजून थंड होता, हे तिने मला दोनदा ओरडून सांगितले. खडे पायाला लागले की ते बाहेर काढून टाकायचे, कारण भाजताना खड्यापाशी वीट तडकते, असे तेथील कारागीर बाईंनी तिला समजावले आणि त्यानंतर तिचा खेळ एकदम काम होऊन गेला.

मळलेल्या मातीचा गोळा वाळूत घोळवायचा, लाकडी साच्यात एका दमात जोराने आपटायचा, वर आलेली माती फळीने कापून काढायची आणि साचा उलटा करून ओली वीट वाळवणीच्या जागी हलकेच सोडायची, ही सगळी क्रिया त्या बाई बोलता बोलता करत होत्या. पाहताना ते सोपे वाटते. मुलीने गोळा घाबरत घाबरत टाकला, तेव्हा साच्याच्या दोन कोपऱ्यांत माती पोहोचलीच नाही आणि साचा उचलल्यावर कोपरे नसलेली वीट बाहेर आली. बाईंनी ती मोडून पुन्हा ढिगात टाकली आणि गोळा टाकताना हात मागे घ्यायचा नाही, एवढेच सांगितले. दुसरी वीट चांगली निघाली आणि ती रांगेत राहिली. याच विटा पुढे महिनाभर वाळतात, शरद ऋतूत त्यांची भट्टी लावली जाते, लाकडे घालून ती अनेक दिवस धगधगत ठेवली जाते आणि भाजून निघालेल्या विटा या नगराच्याच बांधकामांना वापरल्या जातात.

यानंतर त्या बाईंनी जे सांगितले ते आमच्या दिवसाला वळण देणारे होते. अठराव्या शतकात हे काम मोठ्या प्रमाणात गुलामीत ठेवलेल्या माणसांकडून करून घेतले जाई आणि ओल्या विटा साच्यातून वाळवणीच्या जागेपर्यंत नेण्याचे काम बहुधा मुलांच्या वाट्याला येई. दमल्यावर त्यांना थांबता येत असे का, असे माझ्या मुलीने विचारले. बाईंनी तिच्या डोळ्यांत पाहून, थांबण्याचा निर्णय त्यांच्या हाती नव्हता, असे उत्तर दिले. मुलांशी बोलताना कटू गोष्ट गोड करून न सांगणारी माणसे फार थोडी भेटतात. या नगरातील बहुतेक सर्व कर्मचारी तशी आहेत, हे मला त्यांच्याविषयी सर्वांत आधी सांगावेसे वाटते.

येथील कर्मचाऱ्यांना उन्हाळ्यात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, तुम्हाला या कपड्यांत उकडत नाही का, हाच असणार. आम्हीही तो विचारला. स्त्रियांच्या कपड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या तरुणीने हातातली सुई खाली न ठेवता उत्तर दिले की, उकडते, पण पाहणाऱ्याला वाटते तितके नाही. अंगाला लागून असलेला झगा लिननचा असतो, तो घाम शोषतो, लवकर वाळतो आणि रोज बदलून धुता येतो. वरचे भरजरी कपडे फारसे धुतले जात नसत, कारण घाम त्यांच्यापर्यंत पोहोचूच द्यायचा नाही अशी ती रचना होती. तिने लिननचा एक तुकडा हातात दिला. तो खरखरीत असेल अशी माझी समजूत होती, पण अनेक धुण्यांनी तो मऊ पडला होता आणि त्या उकाड्यात हाताला चक्क गार लागत होता. माझा कृत्रिम धाग्याचा सदरा त्या वेळी पाठीला घट्ट चिकटलेला होता. येथे जाणाऱ्यांनी सुती किंवा लिननचे सैल कपडे आणि रुंद काठाची टोपी घालूनच जावे.

मुद्रणालयात बाबा रमले. येथे १७३६ साली व्हर्जिनिया गॅझेट हे वसाहतीतील पहिले वृत्तपत्र निघाले आणि १७७३ साली पतीच्या निधनानंतर क्लेमेंटिना राइंड या स्त्रीने आपले मुद्रणालय आणि वृत्तपत्र स्वतः चालवले, ही माहिती मला नवीन होती. मुद्रक उलटे खिळे ज्या वेगाने जुळवत होता तो पाहून बाबांनी आपल्या तरुणपणी पाहिलेल्या छापखान्याची आठवण त्याला सांगितली. त्यानेही काम थांबवून, तेथे खिळ्यांचे घर कसे मांडलेले असे, असे उलट विचारले. छापण्याआधी कागद थोडा ओला करतात म्हणजे शाई चांगली धरते, हे तेथेच कळले. लोहाराच्या कामशाळेत मात्र आम्ही फार वेळ थांबू शकलो नाही. भात्याचा प्रत्येक फुंकर तोंडावर येत होता आणि बाबांचा चेहरा लाल होऊ लागला होता.

दुपारी साडेबाराच्या सुमारास बाबांना गरगरल्यासारखे झाले. चूक आमच्या आखणीची होती. मुख्य रस्त्याच्या मधल्या भागात सावली तुटक आहे आणि भर दुपारी तेथून चालत जाण्याचे काहीच कारण नव्हते. अठराव्या शतकातील पोशाखातल्या एका गृहस्थांनी ते दुरूनच ओळखले, आम्हाला गव्हर्नरच्या प्रासादासमोरील हिरवळीच्या कडेला, कटाल्पा वृक्षांच्या सावलीत बसवले, थंड पाणी आणून दिले आणि बाबांना बरे वाटेपर्यंत ते तेथून हलले नाहीत. बसचा सर्वांत जवळचा थांबा कोणता, वातानुकूलित जागा कोठे आहे, हे त्यांनी नीट सांगितले. त्या वीस मिनिटांतील त्यांचे वागणे कामाचा भाग म्हणून केलेले नव्हते, तर घरच्या माणसाच्या काळजीचे होते.

त्यांनी सुचवलेली जागा म्हणजे येथील दोन कला संग्रहालये. सजावटीच्या वस्तूंचे आणि लोककलेचे अशी ही दोन्ही संग्रहालये एकाच छताखाली आहेत, ती पूर्ण वातानुकूलित आहेत आणि आत उपाहारगृहही आहे. उन्हाळ्यात जाणाऱ्या प्रत्येकाने दुपारी १२ ते ३ हा वेळ येथेच घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन. याच जागेशी जोडून मनोरुग्णांसाठीच्या सार्वजनिक रुग्णालयाची पुन्हा बांधलेली इमारत आहे. केवळ मनोरुग्णांसाठी उभारलेले ते उत्तर अमेरिकेतील पहिले सार्वजनिक रुग्णालय १७७३ साली सुरू झाले होते. जाळीची खिडकी आणि जमिनीवर गवताची गादी असलेली तेथील खोली पाहिल्यावर त्या काळातील उपचारांविषयी वेगळे काही वाचण्याची गरज उरत नाही.

बाबा तेथे विसावले आणि मी व मुलगी दुपारच्या उन्हात प्रासादाच्या स्वयंपाकघरात गेलो. हा भाग मला संपूर्ण नगरात सर्वांत मोलाचा वाटला. येथील मोठ्या घरांची स्वयंपाकघरे मुख्य घरापासून वेगळी असत. आगीची भीती आणि उष्णता ही त्याची कारणे सांगितली जातात. पण राबणारी माणसे आणि जेवणारी माणसे वेगळी ठेवणे हेही त्यामागे होते. आत विस्तवाची एकच मोठी चूल होती, परंतु तेथे काम करणाऱ्याने निखारे पुढे ओढून त्यांचे चार लहान ढीग केले होते आणि प्रत्येक ढिगावर तीन पायांचे भांडे किंवा लोखंडी जाळी ठेवून तो चार निरनिराळ्या आचांवर चार पदार्थ शिजवत होता. एका ढिगावर निखारे फुललेले होते, दुसऱ्यावर राख चढलेली होती. कोणते भांडे कोठे ठेवायचे ते तो तळहात निखाऱ्यांच्या वर धरून ठरवत होता. आम्ही दाराजवळ उभ्या होतो तरी पाच मिनिटांत घाम डोळ्यांत उतरला. वर प्रासादाच्या दालनात भिंतींवर तलवारी आणि बंदुका नक्षीसारख्या मांडलेल्या आहेत, जेवणाचे टेबल चकाकते आहे. पण त्या टेबलावरच्या प्रत्येक पदार्थामागे ही खोली होती आणि जुलैच्या दुपारीच ती तिच्या खऱ्या रूपात दिसते.

अमेरिकन क्रांतीच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याच्या, काळात या गावातील निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांतील बहुतेक जण गुलामीत होते. हे आज येथे ठिकठिकाणी स्पष्टपणे सांगितले जाते, परंतु सुरुवातीची कित्येक दशके तसे नव्हते. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यात बदल होत गेला. पेटन रँडॉल्फ हे पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसचे, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेचे, अध्यक्ष. त्यांच्या घरात फिरताना आम्हाला इव्ह या स्त्रीविषयी सांगण्यात आले. ती मालकिणीची खास दासी होती. नोव्हेंबर १७७५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांनी बंडखोर मालकांचे जे गुलाम ब्रिटिशांना येऊन मिळतील त्यांना स्वातंत्र्य देण्याचे जाहीर केले, तेव्हाच्या धामधुमीत स्वातंत्र्यासाठी घर सोडून गेलेल्यांत ती होती. पुढे ती पुन्हा ताब्यात आली आणि मालकिणीने मृत्युपत्राच्या पुरवणीत तिच्या वर्तनाचे कारण देऊन तिला विकण्यास सांगितले. ज्या घरात स्वातंत्र्याच्या गोष्टी चालत, त्याच घरातली ही हकिगत आहे, आणि सांगणाऱ्या बाईंनी ती कोणतीही मखलाशी न करता सांगितली.

याच संदर्भात ब्रे स्कूलची इमारत चुकवू नये. १७६० ते १७७४ या काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी चालवलेल्या या शाळेची मूळ वास्तू २०२० साली ओळखली गेली आणि २०२३ साली संपूर्ण इमारत गाडीवर ठेवून ऐतिहासिक विभागात आणण्यात आली. मुले तेथे वाचायला शिकत, पण शाळेचा हेतू त्यांना गुलामीचा आज्ञाधारक स्वीकार शिकवण्याचाही होता. तरीही शिकलेले वाचन कोणालाही परत काढून घेता येत नाही. तसेच फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च या कृष्णवर्णीयांच्या जुन्या चर्चची १८५६ची इमारत १९५०च्या दशकात पाडण्यात आली आणि पुढे त्या जागेवर वाहनतळ झाला. २०२० पासून तेथे उत्खनन सुरू झाले आणि चर्चचे पाये व दफने सापडली. हे नगर चालवणाऱ्या संस्थेच्याच हातून पुसले गेलेले हे पान ती संस्था आता स्वतः उघडून दाखवते, याचे मला महत्त्व वाटते.

प्रासाद आणि कॅपिटॉल यांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांची छायाचित्रे सर्वत्र पाहायला मिळतात. प्रासाद डिसेंबर १७८१ मध्ये, स्वातंत्र्ययुद्धातील यॉर्कटाउनच्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांचे रुग्णालय म्हणून वापरात असताना जळाला आणि आजची इमारत १९३४ साली खुली झाली. त्याच्या बागेतील हिमघर मुलांना अवश्य दाखवावे. हिवाळ्यात गोठलेला बर्फ जमिनीखाली साठवून उन्हाळ्यात वापरण्याची ती जागा आहे. कॅपिटॉलविषयी माझा एक आक्षेप आहे. पुन्हा बांधलेली इमारत ही १७४७ साली जळालेल्या पहिल्या कॅपिटॉलची आहे, तर व्हर्जिनियाचे नेते पॅट्रिक हेन्री यांचे १७६५चे स्टँप कायद्याविरुद्धचे, म्हणजे ब्रिटिशांनी कागदपत्रांवर लादलेल्या कराविरुद्धचे, भाषण आणि १७७६चा स्वातंत्र्याचा ठराव या घटना त्यानंतरच्या दुसऱ्या इमारतीत घडल्या. पहिल्या इमारतीची माहिती अधिक उपलब्ध होती म्हणून ती निवडली गेली, हे समजण्यासारखे आहे. पण घटना ऐकताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. सगळे नगर जरा अधिकच स्वच्छ आणि रंगवलेले आहे, हा अभ्यासकांचा जुना आक्षेपही मला पटतो.

खाण्याच्या बाबतीत मोठ्या जेवणाचा बेत उन्हात करू नये. रॅली टॅव्हर्न या जुन्या खानावळीच्या मागील बेकरीतील आल्याची बिस्किटे आणि गार सायडर (सफरचंदाचे पेय) आम्हाला पुरेसे झाले. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी असावी आणि ती संधी मिळेल तेथे भरून घ्यावी.

४ वाजता आकाश भरून आले. बासरी आणि ढोल वाजवणाऱ्या मुलामुलींचे पथक नुकतेच रस्त्यावरून गेले होते. १० ते १८ वर्षे वयाची ही मुले वर्षानुवर्षे सराव करतात आणि त्यांची शिस्त पाहताना बाबाही ताजेतवाने झाले होते. पहिली गडगड ऐकताच मुलगी विटांच्या जागेकडे पळाली, तिच्यामागे आम्हीही गेलो. सकाळच्या त्या बाई आणि त्यांचे सहकारी ओल्या विटांच्या रांगा घाईघाईने झाकत होते. मुलीने आपली वीट दाखवली, तेव्हा बाईंनी त्या टोकाला स्वतः फळी टाकली आणि भट्टी शरद ऋतूत लागेल तेव्हा पाहायला ये, असे तिला सांगितले. परतीच्या बसमध्ये नखांतली माती कोरता कोरता तिने ऑक्टोबरमधील सुट्ट्यांची चौकशी सुरू केली. बाबा तोवर भारतात परतलेले असतील, म्हणून त्यांनी भट्टीचे छायाचित्र रात्रीचे काढून पाठवा, म्हणजे आग नीट दिसेल, असे सांगून ठेवले.